तोर्तुगेरोची काळी वाळू

मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका हा देश नकाशांत शोधूनच काढावा लागतो. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर तोर्तुगेरो नांवाचें गांव आहे. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र, आणि मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी. गांवाला सडक नाहीं. शेवटचा प्रवास होडींतूनच करावा लागतो. वाळू काळीभोर. सुमारें ३५ किलोमीटर लांबीच्या या किनाऱ्यावर जुलै ते ऑक्टोबर या काळांत हिरव्या समुद्रकासवांच्या माद्या रात्रीं अंडीं घालावयास येतात. (त्यांचा हिरवेपणा पाठीचा नव्हे, आंतील चरबीचा, आणि या कासवाच्या रश्श्याची चटक युरोपास लागली, हेंच त्यांच्या नाशाचें एक मोठें कारण झालें.)

या कासवांच्या पाहणीसाठीं स्वयंसेविका म्हणून मी तेथें गेलें होतें. राहण्याजेवण्याचा खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा असतो. "पदरचे पैसे देऊन परमुलखांत रात्रभर वाळू तुडवावयाची, ती कशासाठीं?" असें आमच्या घरांतील वडील मंडळींनीं विचारलें होतें, आणि प्रश्न रास्त होता.

काम दिसावयास अगदीं साधें. अंगांत काळे कपडे. दिवा लावलाच तर तांबड्या उजेडाचा, कारण पांढरा उजेड दिसतांच मादी अंडीं न घालतां परत फिरते. चालतां चालतां वाळूंत रुंद माग लागला कीं सर्वांनीं निश्चल बसावयाचें. खड्डा खणून ती एकदां अंडीं घालूं लागली म्हणजे तिला आजूबाजूचें फारसें भान राहत नाहीं. तेवढ्यांत एकानें मागें पालथें पडून खड्ड्यांत हात घालावयाचा आणि पडणारें प्रत्येक अंडें मोजावयाचें. बहुधा संख्या शंभरावर जाते. हाताला मुंग्या येतात, पण हिशेब चुकवून चालत नाहीं. मग पाठीची लांबी घ्यावयाची, पुढील वल्ह्यासारख्या पायांवर धातूचा बिल्ला आहे का तें पाहावयाचें, नसल्यास लावावयाचा. कुरवाळणें नाहीं, छायाचित्रांसही मनाई.

हे बिल्ले लावण्यास फ्लॉरिडा विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनीं १९५५ सालीं आरंभ केला. १९५९ मध्यें स्थापन झालेली, आज सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी या नांवानें ओळखली जाणारी संस्था ती नोंद पुढें चालवीत आहे. या माद्यांपैकीं पुष्कळ जणी चरावयास निकाराग्वाच्या किनाऱ्याकडे जातात, हें बिल्ल्यांमुळेंच उमगलें. कसें? तेथील कोळी पकडलेल्या कासवांचे बिल्ले बक्षिसासाठीं परत पाठवीत! एका देशानें जीव राखावा आणि शेजारच्या देशांत तो जाळ्यांत सांपडावा, हें ऐकून प्रथम संतापच येतो. परंतु तेथील मिस्किटो लोकांचें तें पिढ्यान् पिढ्यांचें अन्न. त्यांना दुष्ट ठरविण्याचा अधिकार रश्शाबहाद्दरांना तरी खासच नाहीं. खुद्द कोस्टा रिकांतही कासवांची परवान्यानें होणारी शिकार न्यायालयाच्या निर्णयानें थांबली ती १९९९ मध्यें. तोर्तुगेरोंतील अनेक कुटुंबें आतां प्रवाशांना वाट दाखवून पोट भरतात.

आतां वडिलांच्या प्रश्नाकडे वळूं. माझ्या जाण्यानें एखादें कासव वांचलें, असें म्हणण्यास मी धजत नाहीं. पण मादी अंडीं घालण्याजोगी होण्यास वीस-पंचवीस वर्षें तरी लागतात. आज झालेली हानि किनाऱ्यावर दिसावयास एक पिढी जाते. ती दाखवील अशी एकच वस्तु, न खंडतां चालविलेली वही. आणि ती भरावयास रोज रात्रीं पुष्कळ पाय लागतात. पगारी माणसें तेवढीं कोठून आणावयाचीं? म्हणूनच, दक्षिण आफ्रिकेंत कांहीं ठिकाणीं पैसे घेऊन सिंहाचे छावे मांडीवर देतात, त्याला सेवा म्हणणें मला पटत नाहीं. तसले छावे मोठे झाल्यावर कुंपणांतील शिकारीसाठीं विकले गेल्याचें उघडकीस आलें आहे.

तोर्तुगेरोंत कधीं कधीं उजाडतां वाळूवर रिकामें कवच आढळतें. रात्रीं रानांतून जग्वार आलेला असतो. १९७५ च्या कायद्यानें झालेल्या राष्ट्रीय उद्यानांत संरक्षण त्यालाही आहे आणि कासवालाही. तक्रार कोणाकडे करावी? कवचाची लांबी मोजतात, बिल्ला असल्यास क्रमांक उतरून घेतात, आणि पुढें चालूं लागतात.