थोरली आजी

माझी आजी गळ्यांत एक लहानसा चांदीचा टाक घालीत असे. तो तिच्या सवतीचा. आजोबांची पहिली बायको वारल्यावर त्यांनीं दुसरें लग्न केलें, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणें नव्या नवरीनें गेलेलीचा टाक गळ्यांत बांधला. जिला तिनें कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्या बाईला माझी आजी साठ वर्षें छातीशीं बाळगून होती. आजोबांच्या मागें तिनें सर्व अलंकार उतरविले. टाक मात्र उतरविला नाहीं. आम्हीं मुलें त्या न पाहिलेल्या बाईला 'थोरली आजी' म्हणत असूं. तिच्याविषयीं घरांत एवढेंच सांगितलें जाई कीं, ती १९२९ च्या पावसाळ्यांत परळच्या चाळींत, सात महिन्यांची गरोदर असतां, 'पांढरी पडून' गेली.

आमचें गडब हें गांव पेण तालुक्यांत, वडखळहून नागोठण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गांवांत शेती असली तरी ती सगळ्यांना पुरेल एवढी केव्हांच नव्हती. म्हणून आजोबा गिरणींत गेले आणि लग्न होतांच बायकोलाहि घेऊन गेले. तेथें १९२८ च्या एप्रिलांत गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्या सहा महिन्यांत चाळींतील चुलींवर काय शिजत असेल याची कल्पना मीं पुष्कळदां केली आहे. भात, मिरची, कधीं सुकी मासळी. गडबला पहिल्या पावसाबरोबर बांधावर टाकळा येतो, कुरडू येते, डोंगरउतारावर भारंगी येते. तीं आणावयास दाम पडत नाहीं. परळच्या फरसबंदीवर कांहीं उगवत नाहीं.

तिला धाप लागूं लागली, पाय सुजले, जीभ सोलल्यासारखी लाल झाली. कोणा वैद्यानें पंडुरोग म्हणून मंडूर भस्म दिलें. त्या वैद्याला मीं लहानपणीं मनांतल्या मनांत पुष्कळ शिव्या दिल्या. पुढें कळलें कीं, मंडूर म्हणजे लोहच. आणि रक्त कमी झालें तर लोह द्यावें हें त्या काळच्या पदवीधर डॉक्टरांचेंहि मत होतें. बिचाऱ्याचें चुकलें असेल तर तें पुष्कळ मोठ्या माणसांबरोबर चुकलें.

माझा विषय इंग्रजी साहित्य. वैद्यकाशीं माझा संबंध रोगी या नात्यानेंच. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या मुलीला दिवस राहिले तेव्हां डॉक्टरीणबाईंनीं पहिल्याच भेटींत एक बारीक पिवळी गोळी लिहून दिली. फोलिक अॅसिड. हें नांव लॅटिनमधील 'पान' या अर्थाच्या शब्दापासून आलें आहे हें ओळखून मला पंडिती आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या भरांत मीं त्या गोळीचा इतिहास वाचावयास घेतला. दोन दिवसांनीं मी परळला येऊन पोंचलों.

ल्युसी विल्स नांवाची एक इंग्रज डॉक्टर १९२८ सालीं मुंबईस आली. गरोदर गिरणी कामकरणी एका विचित्र पंडुरोगानें मरत होत्या, त्याचा शोध लावण्याचें काम तिच्याकडे होतें. आणि तिची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन संस्थेंत, जुन्या गव्हर्नमेंट हाऊसांत, होती. आमच्या आजोबांच्या चाळीपासून पायीं पंधरा मिनिटांची वाट. तिनें दुर्बिणींत पाहिलें तेव्हां रोगाचें विचित्रपण स्पष्ट झालें. लोहाच्या उणिवेंत रक्तांतील तांबड्या पेशी लहान व फिक्या होतात. या बायकांच्या पेशी संख्येनें थोड्या पण आकारानें मोठ्या होत्या. त्यांवर लोह काय करणार?

मला त्या बाईंचें कौतुक वाटतें तें त्या प्रयोगशाळेंतच थांबल्या नाहींत म्हणून. या बायका खातात काय आणि राहतात कशा याची त्यांनीं पाहणी केली. त्या पाहणीवरचा निबंध १९३० सालीं प्रसिद्ध झाला; त्यावर विल्स या नांवाशेजारीं तळपदे हें आपल्याकडचें नांव आहे, तें वाचून मी थबकलों. थोरल्या आजीची भाषा समजणारें कोणी तरी त्या कामांत होतें तर! पुढें कुन्नूरच्या संस्थेंत उंदरांवर, मग माकडांवर प्रयोग झाले. निकस अन्न दिलेल्या माकडांच्या रक्तांत त्याच मोठ्या पेशी दिसल्या. काळजाचा अर्क गुणकारी होता, पण महाग. मग बाईंनीं मार्माइट देऊन पाहिलें. बिअरच्या यीस्टपासून केलेला हा काळा, खारट, चिकट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. मीं चाखला आहे, तो औषध म्हणूनच खावा. पण त्यानें रोगी उठून बसूं लागले. हें १९३१ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलांत छापून आलें. थोरली आजी जाऊन दोन वर्षें झालीं होतीं.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. यीस्टमधील तें अज्ञात द्रव्य 'विल्स घटक' म्हणून ओळखलें गेलें. १९४१ त अमेरिकेंत पालकाच्या पानांतून फोलिक अॅसिड निघालें, आणि १९४५ त लेडर्ले कंपनींत, जेथें आपले येल्लाप्रगड सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते, तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. काळजाच्या उपचाराबद्दल तीन अमेरिकनांना १९३४ सालीं नोबेल मिळालें होतें. विल्सबाईंना तें मिळालें नाहीं.

थोरल्या आजीला हाच रोग होता असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. तिच्या रक्ताचा थेंब कोणीं कांचेवर घेतला नाहीं. पण सुजलेले पाय, लाल जीभ, सातवा महिना, आणि लोहानें न आलेला गुण! रात्रीं हें वाचून झाल्यावर मला मंडूर देणाऱ्या त्या वैद्याची मनोमन क्षमा मागावीशी वाटली. संप पुकारणाऱ्यांवर किंवा गिरणीवाल्यांवर मात्र राग धरावा कीं नाहीं, तें मला अजून ठरवितां आलें नाहीं.

गेल्या श्रावणांत गडबला गेलों होतों. पुतण्याची बायको पांच महिन्यांची गरोदर आहे. सरकारी आरोग्य केंद्रांतून तिला लोह आणि फोलिक अॅसिड एकत्र असलेल्या तांबड्या गोळ्या मिळतात. त्यानें पोटांत मळमळतें म्हणून ती त्या चुकवितें, अशी तिच्या सासूनें तक्रार केली. दुपारीं ती भारंगी शिजवीत होती. कडूपणा जावा म्हणून पानें उकळून तें हिरवें पाणी तिनें मोरींत ओतलें. त्या पाण्याबरोबर काय वाहून जातें तें मीं तिला सांगावयास सुरुवात केली. ती पदर सांवरून नीट ऐकत होती. मग म्हणाली, "काका, कडू भाजी घरांत कोण खाईल?"

मला उत्तर सुचलें नाहीं. मीं कोनाड्यांतलें गोळ्यांचें पाकीट काढून पाहिलें. दहांतल्या सहा शिल्लक होत्या. शेजारीं आजीचा टाक ठेवलेला होता. ही कोण, असें तिनें विचारलें, तेव्हां मीं पाट ओढून बसलों आणि तिला थोरल्या आजीची हकीकत सांगितली. ती ऐकतां ऐकतां तिनें एक गोळी काढली, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.