गावकुसाबाहेरचा स्थानिक

सध्या एक शब्द आपल्या वस्तीत फार फिरून राह्यला आहे. भूमिपुत्र. शब्द गोड आहे. पण ज्यांच्या सात पिढ्या दुसऱ्याच्या भूमीवर राबल्या, त्यांनी तो तोंडात घालण्याआधी नीट चावून बघावा.

गेल्या उन्हाळ्यात आपल्याच दोन पोरांनी माझ्याकडं एक निवेदन सहीला आणलं. अकोल्याच्या एमआयडीसीत ऐंशी टक्के स्थानिक भरा, बाहेरच्यांना हाकला, असा मजकूर. पोरं शिकलेली. एक आयटीआय, एक बी.ए. दोघंही बेकार. त्यांचा राग खोटा नाही. फाटकावर गेलं की ठेकेदार म्हणतो, जागा नाही. अन् आत बाहेरगावची माणसं पोती वाहत असतात.

त्या आतल्या माणसांत माझ्या मावसभावाचा पोरगा आहे. एका दालमिलीत हमाली करतो. गाव मुलताईकडचं, बैतुल जिल्ह्यातलं. म्हणजे मध्य प्रदेश.

आता हिशेब बघा. आमची आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षेला नागपूरला गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. अमरावती, अकोला त्याच राज्यात. मुलताईही त्याच राज्यात. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, आपण मुंबई राज्यात गेलो. मुलताई तिकडंच राहिली. १९६० साली महाराष्ट्र झाला. सीमा आखली गेली, पण सोयरीक थांबली नाही. आजीनं एक लेक वरुडला दिली, एक मुलताईला. म्हणून आज मी स्थानिक, अन् तो परप्रांतीय. आजी एक, बाप एक. बाबासाहेब.

पोराला निवेदनाचं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "काका, तिकडं पाटलाच्या वावरात मी खालच्या जातीचा, अन् इथं मी बाहेरचा. मंग मी हाये कुठचा?"

याचं उत्तर शासन निर्णयात नाही. महाराष्ट्रात स्थानिकांना प्राधान्य देण्याचं धोरण जुनं आहे. २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणं पर्यवेक्षकाच्या जागांत पन्नास टक्के अन् बाकीच्या जागांत ऐंशी टक्के स्थानिक हवेत. स्थानिक कोण? तर ज्याचा महाराष्ट्रात पंधरा वर्षं रहिवास आहे तो. म्हणजे पुण्याचा माणूस अकोल्यात स्थानिक. चार तासांवरचा मुलताईचा मात्र नाही. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या द्यायचं कबूल केलं होतं. वऱ्हाड अजून अनुशेषच मोजतो. तेव्हा स्थानिकाच्या पोटातही स्थानिक असतो, अन् सगळ्यात तळाशी आपण असतो.

दाखल्याचंही तसंच. जात सीमा ओलांडते, सवलत ओलांडत नाही. आपली जात तिकडच्या यादीत आहे, इकडच्याही आहे. तरी जन्मानं तिकडच्या पोराला आरक्षण तिकडंच. सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली मर्री चंद्रशेखर राव खटल्यात हे पक्कं केलं. पोटासाठी गाव सोडलं की दाखला मागं राहतो, जात मात्र सोबत येते. खोली भाड्यानं मागायला गेलं की आडनाव विचारतात, दाखला नाही विचारत.

बाबासाहेबांनी हा प्रश्न उडवून लावला नव्हता. ३० नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत ते बोलले, की सरकारी नोकरीसाठी रहिवासाची अट काही जागी लागू शकते. पण ती ठरवायचा हक्क राज्याराज्यांना दिला नाही, संसदेला दिला. कारण प्रत्येक राज्यानं आपापलं कुंपण घातलं तर देश राहत नाही. अन् कलम १६ (२) वाचा. ज्या वाक्यानं सरकारी नोकरीत जात बघायला बंदी केली, त्याच वाक्यात जन्मस्थान अन् निवासही आहे. एक काढायचं अन् एक ठेवायचं, असं नाही चालत. आरक्षण हे जखमेवरचं औषध आहे. जन्माचं गाव ही काही जखम नाही.

आता जुनी गोष्ट ऐका. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. पण तिथं धोट्यातून सुताचा धागा तोंडानं ओढावा लागे. म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हेच विचारलं, की आमच्या माणसांना सगळ्या खात्यांत काम मिळणार का? अडवणारे कोण होते? मराठीच होते. अडवले गेले तेही मराठीच. शंभर टक्के स्थानिक. तेव्हा भूमिपुत्र हा शब्द आमच्या कामी आला नाही.

हा खेळ एकट्या महाराष्ट्राचा नाही. हरियाणानं तीस हजारांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत पंचाहत्तर टक्के स्थानिकांचा कायदा केला. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकानं जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक काढलं अन् काही दिवसांतच थांबवलं. अमेरिकेत अलाबामा अन् जॉर्जिया या राज्यांनी २०११ साली कागदपत्रं नसलेल्या मजुरांवर कडक कायदे केले. मजूर भीतीनं पळाले. टमाटे वावरात सडले. त्या जागी आलेले कित्येक स्थानिक एकदोन दिवसांत निघून गेले. कारण मजुरी तीच अन् उन्हही तेच. कायद्यानं माणूस हाकलला, कामाची किंमत वाढवली नाही.

आपल्याकडंही ठेकेदार बाहेरच्याला का घेतो? तो चांगला आहे म्हणून नाही. तो मिलीतच झोपतो, त्याला संघटना नाही, ओळखीचं कोणी नाही, तो भांडत नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. ठेकेदाराचा परवाना, मजुराचं पासबुक, विस्थापन भत्ता, सगळं त्यात लिहिलं होतं. माझ्या त्या पोराला पासबुक म्हणजे बँकेचंच ठाऊक. त्याला बेकायदा ठरवलं तर तो जाणार नाही, अजून स्वस्त होईल. अन् तो स्वस्त झाला की आयटीआयवाल्याला फाटकावर "जागा नाही" हेच ऐकू येईल.

म्हणून मी त्या निवेदनावर सही केली नाही. पोरं रागावली. एक म्हणाला, "भाऊ, तुमी सोयऱ्यापायी पलटले." मी म्हणालो, बस. कागद उलटा कर अन् मागं लिही. दालमिलीत सगळ्यांना किमान वेतन, बँकेत. हजेरीपटावर प्रत्येकाचं नाव. हमालाला माथाडी मंडळाची नोंदणी. भरती उघड, यादी फाटकावर, त्यात अनुसूचित जातीचे किती तेही लिहिलेलं. ज्यांनी सरकारी सवलतीची जमीन घेतली, त्यांनी आपल्या पोरांना कामाचं शिक्षण द्यावं.

यावर मी सही करतो. मुलताईचा पोरगाही करेल. तो तिथं आत आहे, हजेरीपट खोटा कसा लिहितात ते त्यालाच ठाऊक. त्याला हाकललं तर तुमचा साक्षीदार गेला.

आयटीआयवाल्यानं कागद नेला. बी.ए. वाला अजून बोलत नाही. त्याच्याशी बोलणं चालू ठेवायचं आहे. तुम्हीही आपापल्या वस्तीत ठेवा. असं निवेदन आलं तर सही करण्याआधी एवढंच विचारा, यात मजुरीचा आकडा कुठं आहे?