खोकला आणि गोळ्यांची पिशवी

कोरडा खोकला शेजारच्याला किरकोळ वाटतो. माझा घशात काहीतरी खवखवल्यासारखं होऊन सुरू व्हायचा, आणि रात्री आडवं पडलं की जास्तच. कफ म्हणून पडायचा नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईचं ठसक्यासरशी आणखी काय होतं, हे बायकांना वेगळं सांगायला नको. एसटीचा लांबचा प्रवास मी टाळूच लागले.

आल्याचा रस आणि मध, ज्येष्ठमध, अडुळशाचा काढा, रात्री तोंडात लवंग, सगळं झालं. मधाने घटकाभर बरं वाटायचं, इतकंच.

औषधाची बाटली संपली तरी खोकला हटेना, तेव्हा आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासायलाच हवी. छातीचा फोटोही काढा." टीबीचं नाव निघाल्यावर हे गप्पच झाले. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, पण कोरड्या खोकल्यात थुंकी आणायची कुठून? तिथल्या ताईंनी नीट शिकवलं: सकाळी उठल्याबरोबर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि आतून खाकरायचं, नुसती लाळ नको. टीबी निघाला नाही, फोटोही स्वच्छ. ह्यांनी त्या दिवशी पेढे आणले, मी खोकत खोकत खाल्ले.

मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातलं पाणी घशामागे उतरतंय म्हणून फवारा दिला. दुसऱ्यांनी पोटातलं आम्ल वर येतंय म्हणून जेवण लवकर घ्यायला आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितलं. यात चुकीचं काही नव्हतं. विडी-सिगारेट नाही, फोटो स्वच्छ आहे आणि खोकला आठ आठवड्यांहून जुना आहे, तर नाक, पोट आणि दमा यांच्यावरच आधी संशय जातो. फक्त जो तो आपापला अवयव बघत होता. मी दुसरं काय काय गिळते, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं छातीच्या डॉक्टरांनी. नळीत फुंकायची तपासणी नॉर्मल आली, तेव्हा म्हणाले, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." थायरॉइडची बाजूला ठेवली, कॅल्शियमची ठेवली. रक्तदाबाची पट्टी हातात घेऊन थांबले. रॅमिप्रिल.

"ही कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि खोकला?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला वाण देता देता तीनदा आत जावं लागलं होतं, ते आठवलं.

या जातीच्या गोळ्या शरीरातलं एक विकर अडवतात आणि त्याने दाब उतरतो. पण तेच विकर ब्रॅडिकायनिन नावाचं द्रव्यही मोडत असतं. ते मोडलं गेलं नाही की साचतं आणि श्वासनलिकेतल्या नसा चाळवतात. खोकला गोळी सुरू केल्यावर लगेच येईल किंवा काही महिन्यांनी, बायकांना जास्त. या औषधांचा शोध ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून लागला, हेही डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनी फक्त "तरीच!" म्हटलं.

पाडव्याच्या सुमारास गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. खोकल्याचं औषध एकही नाही. "उद्याच थांबेल असं समजू नका," डॉक्टरांनी बजावलं. "एक ते चार आठवडे धरा, कुणाकुणाला तीन महिनेही लागतात. आणि मनाने रक्तदाबाची गोळी कुणी बंद करायची नाही." आधी रात्रीचा खोकला कमी झाला, मग दिवसाचा. अक्षय्य तृतीयेला पुरणाचा घाट घातला तेव्हा चुलीपुढे उभं राहूनही ठसका लागला नाही.

हे ऐकून वन्संनी आपली रक्तदाबाची गोळी सोडायचा बेत केला, कारण त्याही खोकत होत्या. त्यांची गोळी अ‍ॅम्लोडिपिन, तिचा या खोकल्याशी संबंध नाही. त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. दमा निघाला, धाप नाही, घरघर नाही, नुसता खोकला, असाही दमा असतो म्हणे. पंप दिलाय. सवय लागेल आणि लोक बघतील म्हणून तो त्या अजून न्हाणीघरात जाऊन ओढतात.