बेथेलने काय दिले?

जीवनाला मुळातच अर्थ असतो, की माणसाने तो द्यावा लागतो? तत्त्वज्ञानाच्या तासाला हा वाद चांगला रंगतो. मराठवाड्याच्या कोरडवाहू मातीत वाढलेल्या आम्हा मुलांना मात्र तो पुष्कळदा चैनीचा वाटतो. पाऊस पडेल का आणि नोकरी लागेल का, या दोन प्रश्नांतच येथली अर्धी आयुष्ये सरतात. तरीही हा प्रश्न माझ्या वाट्याला आला, तो पुस्तकातून नव्हे. "तुमचे लोक पोटासाठी बाटले," हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष असतोच असे नाही. पण माझ्या पूर्वजांच्या श्रद्धेचे मोल पायलीभर ज्वारी असेल, तर त्या श्रद्धेवर उभ्या राहिलेल्या माझ्या आयुष्याचे मोल काय?

उत्तर शोधायला मला फार दूर जावे लागले नाही. ते आपल्या जालन्याच्याच इतिहासात आहे.

नारायण शेषाद्री हे मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले ब्राह्मण तरुण. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला शुद्ध करून जातीत परत घ्यावे, असे बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानाने म्हटले, तेव्हा सनातन्यांनी केवढे काहूर उठवले! परत येऊ पाहणाऱ्या मुलाची ही कथा. मग जो परतलाच नाही, त्याने काय काय गमावले असेल? घर, आप्त, पंगत, मान! पोटासाठी धर्म सोडायचे म्हटले, तर नारायणरावांना तो न सोडण्यातच लाभ होता.

१८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे निजामाच्या राज्यातील जालना हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ एक ख्रिस्ती गाव वसवले. त्याचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. बायबलमधला याकोब घरातून परागंदा झाला, उघड्या रानात दगड उशाला घेऊन निजला, आणि त्याच जागी त्याला देव भेटला. त्या जागेचे हे नाव. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्या मांग-महारांच्या वस्तीला याहून समर्पक नाव कोणते मिळणार?

१८७३ साली न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत नारायणराव बोलले. पण मला त्यांचे मोठेपण तेथे दिसत नाही. ते दिसते प्रभुभोजनाच्या विधीत. त्या विधीत एकच भाकर मोडून सर्वांनी खायची असते आणि एकाच प्याल्यात सर्वांचा वाटा असतो. ज्या काळात सावलीचाही विटाळ होई, त्या काळी एक ब्राह्मण आणि एक मांग या भोजनाला एकत्र आले. एक उंचावरून खाली उतरला, दुसरा खालून वर आला, आणि दोघांची भेट झाली ती देवापुढे. भुकेल्याला धान्य मिळाले असेलही. त्यात लाज कसली? पण धान्याने पोट भरते, मान ताठ होत नाही. ती ताठ केली, 'देवाने तुझ्यासाठी प्राण दिला' या एका वाक्याने.

आणि फायद्याचाच हिशेब मांडायचा, तर तोही मांडू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. आमच्या घरी प्रवेश-अर्ज भरताना हितचिंतक सांगत, "धर्माच्या रकान्यात काहीतरी दुसरे लिहा." वडील शांतपणे 'ख्रिस्ती' असे लिहीत. त्या एका शब्दापायी काय जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याचा अर्थ आमच्या मंडळीत सारे आलबेल आहे, असा नव्हे. लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जातेच. एका प्याल्याची शिकवण देऊळमाथ्यापासून उंबरठ्यापर्यंत अजून पोहोचायची आहे. शिवाय हा एकच मार्ग, असा माझा हट्टही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मदीक्षेतून माझ्या कितीतरी मित्रांच्या घरांना हाच ताठ कणा मिळाला. ज्या जांबेत समर्थांचा जन्म झाला, ते गावही आपल्याच जिल्ह्यातले. बोहल्यावर 'सावधान' ऐकून उठलेल्या त्या मुलाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. हाक कोणाला कोठून येईल, हे सांगता येत नाही.

मला ती बेथेलकडून आली. जीवनाचा अर्थ सापडला की मन:शांती मिळते, असे पुस्तकांत लिहिलेले असते. मला वाटते, अर्थ सापडला की काम मिळते. नारायणरावांना ख्रिस्त भेटला, आणि लगोलग माणसे, जमीन, छपरे यांची काळजी मागे लागली. पदवीनंतर मला शिक्षक व्हायचे आहे, तेही एखाद्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीत, जेथली मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर निघून जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर फक्त नावे उरतात. ती नावे रोज मोठ्याने पुकारणारा कोणीतरी हवा. आमच्या पणजोबांनाही कोणीतरी प्रथम नावाने हाक मारली होती.