दूध कमी नव्हतं

लेक जन्मली तेव्हा 2 किलो 900 ग्रॅमची होती. बाराव्या दिवशी काटा 2 किलो 680 वर. पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत ते भरून यायला हवं. माझ्या फोनमध्ये तिच्या प्रत्येक पिण्याची वेळ, मिनिटं, ओले लंगोट, सगळं नोंदलेलं. ऑफिसची सवय. नोंदी भरपूर, उत्तर शून्य.

साताऱ्याला, माहेरी, उत्तर सगळ्यांकडे होतं. "दूध कमी आहे हिला." मग अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी. लेक पन्नास-पन्नास मिनिटं छातीला असायची. मध्येच सुटायची, चट् चट् आवाज यायचा, दमून झोपायची आणि अर्ध्या तासात पुन्हा रडायची. मला भेगा पडल्या होत्या. रात्री तीनला तिने चुळबुळ केली की माझ्या पोटात गोळा यायचा. स्वतःच्या लेकीची भीती वाटते, हे कुणाला सांगणार?

आई एकदा हळूच म्हणाली, "माझंही असंच झालं होतं. तू दुसऱ्या महिन्यापासून वरच्या दुधावर. तुझी आजी म्हणायची, हिच्या अंगातच दूध नाही. माझ्याकडूनच आलं असेल तुझ्यात."

नव्या डॉक्टरबाईंनी मात्र आधी वजन विचारलं नाही. "पाज, मला बघू दे," म्हणाल्या. लेक रडली तेव्हा तिच्या जिभेचं टोक मध्ये ओढलं जाऊन पत्त्यातल्या बदामासारखं दिसलं. जीभ हिरडीच्या पुढे येतच नव्हती. टंग-टाय.

मला वाटायचं, बाळ स्ट्रॉने ओढावं तसं दूध ओढतं. तसं नसतं. बाळ जीभ खालच्या हिरडीवर आणतं, तिची पन्हळ करून स्तन धरतं आणि तोंड सीलबंद करतं. मग जीभ खाली जाते, तोंडात पोकळी होते, दाब कमी होतो आणि दूध येतं. ऑस्ट्रेलियातल्या डोना गेडिस आणि सहकाऱ्यांनी 2008 साली अल्ट्रासाउंडने हेच दाखवलं: जीभ खाली जाते तेव्हा दूध वाहतं. जीभ अडकलेली असली की सील तुटतं, म्हणून तो चट् आवाज. पकड टिकवायला बाळ हिरडीने दाबतं, म्हणून भेगा. शिवाय दूध मागणीप्रमाणे बनतं. स्तन रिकामा झाला नाही तर काही दिवसांत ते खरंच कमी होतं. म्हणजे ज्याला सगळे कारण म्हणत होते, तो परिणाम होता.

मी लगेच म्हटलं, "मग कापून टाका." त्या हसल्या. जिभेखालचा पडदा सगळ्यांनाच असतो. न्यूझीलंडच्या निकी मिल्स यांनी 2019 मध्ये दाखवलं की ती वेगळी दोरी नसून तोंडाच्या तळाच्या आवरणाचीच घडी आहे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्या आणि 302 बाळं होती. कापल्यावर आईच्या वेदना काही काळ कमी झाल्या, पण बाळाच्या पिण्यात सातत्याने सुधारणा दिसली नाही. पडदा कसा दिसतो यापेक्षा जीभ काय करू शकते, हे महत्त्वाचं.

म्हणून आधी तिला धरायची पद्धत बदलली. काढलेलं दूध बोंडल्याने पाजलं. आईने कपाटातून माझंच जुनं चांदीचं बोंडलं काढलं. वजन चढू लागलं, म्हणजे दूध होतं. अंगावर पाजताना वेदना मात्र तशाच. अठराव्या दिवशी पडदा कापला. काही सेकंद, रक्ताचे दोन थेंब, आणि लगेच तिला छातीला लावलं. चमत्कार झाला नाही. वेदना त्याच दिवशी कमी झाल्या, पण नीट प्यायला शिकायला तिला आणखी दोन आठवडे लागले.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की हे कधी कधी घराण्यात असतं. घरी येऊन मी सेल्फी कॅमेऱ्यासमोर जीभ बाहेर काढली. टोकाला खाच. आईला दाखवली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नेमकं काय झालं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही, असंही म्हटलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाली.

संध्याकाळी ती मावशीशी फोनवर बोलत होती, "अगं, हिचीही जीभ तशीच आहे म्हणे. माझं दूध कमी नसेलच गं तेव्हा." तेच वाक्य तिने तीनदा सांगितलं.