अतारांकित प्रश्न

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात संसदेच्या धड्यात प्रश्नोत्तराचा तास असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. दोन गुणांना विचारलं की पोरं घडाघडा लिहायची. अजिंठ्यात मी हा धडा निवृत्त होईपर्यंत शिकवला. संसदेत दिलेलं एखादं उत्तर प्रत्यक्ष वाचायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, आणि तीही शेजारच्या भाभींमुळे.

२०२५चा उन्हाळा होता. भाभींचा मोठा मुलगा सौदीला जाऊन वर्ष होत आलं होतं. तो माझाच विद्यार्थी. गणितात रडतखडत, पण दहावी एका झटक्यात सुटला. पुढं आयटीआय करून फ्रिज-एसीच्या कामाला लागला. कोणाच्या तरी ओळखीतून एक एजंट भेटला. रियाधमध्ये एसी मेकॅनिकची जागा आहे, राहणं-खाणं कंपनीचं, असं सांगून त्यानं लाखाच्या वर पैसे घेतले. भाभींनी पाटल्या मोडल्या. पावती मागायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तिकडं उतरल्या उतरल्या कफीलच्या, म्हणजे तिथल्या मालकाच्या, माणसानं पासपोर्ट काढून घेतला. एसीचं नाव नाही. बांधकामावर गोण्या आणि सळ्या उचलायचं काम. पगार ठरल्याच्या निम्मा, आणि काही महिन्यांनी तोही बंद. पोरगा वैतागून दुसऱ्या गावी ओळखीच्या लोकांकडं निघून गेला, आणि कफीलनं त्याच्यावर ‘हुरूब’ लावला. कामगार पळून गेला अशी मालकानं सरकारकडं केलेली नोंद म्हणजे हुरूब. ती लागली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निकामी होतो. पोलिसांनी धरलं तर कोठडी. दुसरीकडं कामाला ठेवणाराही गुन्हेगार ठरतो. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच माहीत होतं की पोराचा फोन लागत नाही.

“सर, तुम्ही शिकलेले आहात. दिल्लीला लिहा,” भाभी म्हणाल्या.

दिल्लीला कोणाला लिहायचं? गावातल्या दोघातिघांनी खासदारांकडं जा म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या एकानं चुकीच्या खासदारांचं नाव दिलं. आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर, पण अजिंठा ज्यात येतं तो सिल्लोड विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतो. जिल्ह्याचा म्हणून जो खासदार लोकांना वाटतो, त्याला अजिंठ्याची मतं पडतच नाहीत. हे मला शिकवण्यापुरतं तरी माहीत होतं.

माझ्या मुलीनं मोबाइलवर लोकसभेची आणि राज्यसभेची प्रश्नोत्तरं काढून दिली. परराष्ट्र मंत्रालयाची पाळी अलीकडची काही वर्षं लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येते. आखातातले कामगार, परदेशातले कैदी, फसवे एजंट, अडकलेले विद्यार्थी यांवर जवळजवळ दर अधिवेशनात प्रश्न पडतात. बहुतेक उत्तरांखाली नाव राज्यमंत्र्यांचं, कारण बहुतेक प्रश्न अतारांकित. इंग्रजी आणि हिंदी दोन्ही प्रती असतात. मी हिंदी वाचायला घेतली आणि पहिल्या संध्याकाळी कंटाळून ठेवून दिली.

कंटाळ्याचं कारण सांगतो. खासदार चार उपप्रश्न विचारतो आणि मंत्रालय चारही एकत्र बांधून एकच उत्तर देतं. भारतीयांच्या सुरक्षेला सरकार सर्वोच्च प्राधान्य देतं, दूतावास सतत लक्ष ठेवून असतात, तक्रार आली की यजमान देशाच्या संबंधित अधिकाऱ्यांकडं विषय मांडला जातो. सगळी वाक्यं गुळगुळीत. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेल्यामुळं एक सवय जडलेली आहे: उत्तर कितीही पाल्हाळाचं असो, त्यात कुठं तरी गुण देण्याजोगी ओळ सापडते. तशीच दुसऱ्या दिवशी ही उत्तरं हातात पेन्सिल घेऊन वाचली.

आणि ओळी सापडल्या. ‘मदद’ नावाचं तक्रारीचं पोर्टल २०१५पासून आहे. अडकलेल्या माणसाच्या घरच्यांनाही त्यावर तक्रार टाकता येते आणि तिला क्रमांक मिळतो. दूतावासांकडं २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. निराधार झालेल्या माणसाचं तिकीट, तात्पुरता निवारा, कायदेशीर मदत, मृतदेह आणण्याचा खर्च त्यातून होतो. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाकडं १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते, आणि सेवाशुल्क म्हणून त्याला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. नोंदणी असलेल्या आणि बेकायदा ठरवलेल्या एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. भाभींना हे वाचून दाखवलं तेव्हा त्या तीस हजारांवर थांबल्या. पुढचं त्यांनी ऐकलंच नसावं.

त्यानंतर कैद्यांबद्दलचं उत्तर. मार्च २०२५मध्ये राज्यसभेत सरकारनं सांगितलं होतं की परदेशी तुरुंगांत १०,१५२ भारतीय आहेत, कच्चे कैदी धरून. सौदीत आणि अमिरातीत प्रत्येकी अडीच हजारांच्या वर. हा आकडा मी भाभींना सांगितला नाही. पण त्या उत्तरांमध्ये आणखी एक वाक्य दरवेळी असतं: अनेक देशांत गोपनीयतेचे कायदे कडक असल्यामुळं कैद्यानं स्वतः संमती दिल्याशिवाय तिथले अधिकारी त्याची माहिती देत नाहीत. हे वाक्य प्रथम वाचताना हात झटकल्यासारखं वाटतं. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की यात घरच्यांसाठी एक सूचना दडलेली आहे. पकडला गेलास तर भारतीय दूतावासाला कळवा असं तू स्वतः म्हणायचंस, हे पोराला जाण्याआधी सांगून ठेवायला हवं होतं. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमात तो हक्कच आहे, पण तो माणसानं मागायचा आहे.

कलम ३६ म्हटल्यावर पाकिस्तानच्या कैदेतले कुलभूषण जाधव आठवणारच. त्याच कलमावर भारतानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानविरुद्ध दावा लावला आणि १७ जुलै २०१९ला न्यायालयानं भारताच्या बाजूनं कौल दिला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत निवेदन केलं. पण गावात लोकांच्या लक्षात राहिलं आहे ते त्याआधीचं, तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांचं. २५ डिसेंबर २०१७ला जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला भेटीला गेल्या आणि २८ तारखेला स्वराज दोन्ही सभागृहांत बोलल्या. दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या काढायला लावल्या. नेहमी साडी नेसणाऱ्या आईला दुसरे कपडे घालायला लावले. मायलेक मराठीत बोलू लागले तर त्यांना अडवलं. रिकाम्या गळ्याची आई पाहून मुलानं पहिला प्रश्न विचारला तो बाबा कसे आहेत हा. त्या दिवशी आमच्या शिक्षक खोलीत टीव्हीसमोर कोणी चहाचा कप उचलला नव्हता.

भाभींनाही ते आठवत होतं. त्यांनी विचारलं, “माझ्या पोरासाठी बोलतील का तसं कोणी?”

नाही, असंच उत्तर होतं. देशाचा दावा होतो तेव्हा मंत्री स्वतःहून निवेदन करतात. एका कामगाराच्या थकलेल्या पगारावर तसं होत नाही. प्रश्न विचारायचा तर खासदारानं निदान पंधरा दिवस आधी नोटीस द्यायची, मग सोडत, लोकसभेत दिवसाला तारांकित वीस आणि अतारांकित दोनशे तीस. त्यातही एकट्यादुकट्याच्या प्रकरणावर सहसा प्रश्न घेत नाहीत. काही धोरणाचा मुद्दा लागतो. भाभींना मी हे नियम सांगितले नाहीत. “आपण तक्रार टाकू,” एवढंच म्हणालो.

तक्रार टाकायला बसलो आणि तिथंच अडलो. पासपोर्टचा नंबर? रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली एक झेरॉक्स निघाली, नशीब. मालकाचं नाव? घरात कोणालाच माहीत नाही. कंपनीचं नाव? “बडी कंपनी आहे,” एवढंच. इकाम्याचा नंबर? शेवटी बहिणीच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो सापडला. नवीन कार्ड मिळालं म्हणून पोरानं मिरवायला पाठवला होता. त्या एका फोटोवर सगळं पुढचं काम झालं.

इथं एक गोष्ट मनात आल्याशिवाय राहिली नाही. आमच्या भागात परदेशी माणसं काही नवी नाहीत. लेण्यांमुळं पिढ्यान् पिढ्या जपानी, कोरियन, युरोपियन येतात. लेण्यांजवळच्या फर्दापूरची विक्रेती पोरं जपानीत भाव करतात. अजिंठा-वेरूळच्या विकासाला जपानचं कर्ज मिळालं, त्यातून रस्ते झाले, पर्यटक केंद्र झालं. परराष्ट्र संबंध म्हणजे आम्हाला एवढेच ठाऊक. तर यातला एखादा पाहुणा लॉजवर उतरला की लॉजवाल्याला त्याचं नाव, पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठं जाणार हे चोवीस तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. परक्या देशाचा माणूस फर्दापुरात कोणत्या रात्री झोपला हे सरकारला माहीत असतं. आमचा पोरगा रियाधमध्ये कोणाकडं होता हे सरकारला माहीत नव्हतं आणि घरालाही नव्हतं.

सरकारला का नव्हतं, याचं उत्तर याच कागदांत मिळालं आणि ते मला फार लागलं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो. अशा माणसाला सौदी, कुवेत, कतार धरून अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी उत्प्रवास संरक्षकांची मंजुरी लागते. त्यासाठी करार ई-मायग्रेटवर चढतो, मालकाची माहिती चढते, दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमा सक्तीचा असतो. दहावी पास झालेल्याला यातलं काहीच लागत नाही. तो शिकलेला, त्याचं त्याला कळतं, असं कायदा धरून चालतो. त्यानं हवी तर स्वखुशीनं नोंदणी करावी. आमचा पोरगा दहावी पास होता म्हणून सरकारच्या चाळणीतून सरळ खाली पडला. नापास झाला असता तर निदान त्याच्या कफीलचं नाव दिल्लीत कुठं तरी लिहिलेलं असतं. मी त्याच्या वेळी वर्गात पेढे वाटले होते.

नोंदणीनं काय फरक पडतो हेही संसदेतल्याच एका निवेदनात आहे. युक्रेनवरच्या निवेदनात, १५ मार्च २०२२ला, जयशंकर यांनी सुमारे साडेबावीस हजार लोक परत आणल्याचं सांगितलं. युद्ध सुरू होण्याआधी, जानेवारीतच दूतावासानं नोंदणीची मोहीम घेतली होती आणि वीस हजारांच्या आसपास भारतीयांनी नावं दिली होती. बहुतेक डॉक्टरकी शिकणारी मुलं, मोबाइल वापरणारी, घरून रोज फोन असणारी. बांधकामावरच्या मजुराला असं नाव नोंदवायला कोण सांगणार?

मददवर तक्रार गेली. खासदारांच्या कार्यालयातून पत्रही घेतलं. त्याचा उपयोग झाला की नुसत्या तक्रारीचा, ते सांगता येणार नाही. बरेच दिवस पडद्यावर तेच एक वाक्य दिसायचं, की प्रकरण दूतावासाकडं पाठवलं आहे. भाभी रोज सकाळी येऊन विचारायच्या आणि मी रोज तेच वाचून दाखवायचो. मग एका दुपारी पोराचाच फोन आला. दूतावासातून त्याच्याशी संपर्क झाला होता. तो कारखान्यांच्या वस्तीत पाचसहा जणांबरोबर एका खोलीत लपून होता, बिहारची आणि तेलंगणाची पोरं. पोलिसांच्या भीतीनं सिमकार्ड काढून टाकलं होतं. त्याला वाटत होतं दूतावासात गेलो तर तेच पोलिसांत देतील. गुन्हेगार नसलेला माणूस आपल्याच देशाच्या कचेरीला घाबरून बसतो, याला काय म्हणायचं?

पुढं वेळ लागलाच. पासपोर्ट कफीलनं परत दिला नाही, म्हणून दूतावासानं इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं. एकदाच मायदेशी येण्यापुरता तो कागद असतो. हुरूब असल्यामुळं ‘तरहील’मधून, म्हणजे परत पाठवणीच्या केंद्रातून, बाहेर पडावं लागलं. थकलेल्या पगारासाठी तिथं थांबून दावा लढवता आला असता, पण पोरानं तो सोडला. दिवाळीनंतर मुंबईला उतरला, रेल्वेनं संभाजीनगर, तिथून एसटीनं गावात. एजंटाचा फोन अजून बंद आहे. पोलिसांत तक्रार दिली आहे. सध्या पोरगा सिल्लोडला एका दुकानात फ्रिज दुरुस्त करतो आणि पुन्हा जायचं म्हणतो; या खेपेला दुबईला. भाभी त्याच्याशी बोलत नाहीत.

तो परत जाईल असंच मला वाटतं, आणि जाऊ नकोस म्हणायला माझ्याकडं तोंड नाही. इथं मिळतं त्याच्या तिप्पट तिकडं मिळतं. मी फक्त एवढं केलं, की एक प्रश्न दीडशे शब्दांत बसवून खासदारांच्या कार्यालयात दिला. (क) ईसीआरचा शेरा नसलेले, दहावी पास असे किती कामगार गेल्या पाच वर्षांत आखाती देशांत कामाला गेले, याची नोंद सरकारकडे आहे काय; (ख) नसल्यास, ती ठेवण्याचा सरकारचा विचार आहे काय; (ग) अशा कामगारांनाही विमा सक्तीचा करणार काय. तिथल्या मुलानं तो घेतला, पुढच्या अधिवेशनात बघू म्हणाला. पडलाच तर उत्तर काय येईल याचा अंदाज आता मला आहे. तिन्ही उपप्रश्न बांधून येतील.

तोवर तुमच्या घरातलं, गल्लीतलं कोणी तिकडं असेल तर आज रात्रीच्या फोनवर त्याला इकाम्याचा आणि पासपोर्टचा फोटो पाठवायला सांगा, कफीलचं पूर्ण नाव विचारून घ्या, आणि ते मोबाइलमध्येच न ठेवता घरातल्या कॅलेंडरच्या मागंही लिहून ठेवा.