सोनीचे तीन आठवडे



आज जरा संकोचाचा विषय. पण गेल्या महिन्यात तिघींनी फोनवर आवाज बारीक करून मला हेच विचारलं, म्हणून लिहूनच टाकते. घरातली कुत्री माजावर आली की तिला सांभाळायचं कसं?

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना असं आपल्याकडे म्हणतात. पाळीव कुत्रीला तसा महिना नसतो, साधारण सहा-सात महिन्यांनी ती माजावर येते. आमच्या सोनीने मात्र नेमकं दशलक्षण पर्वच गाठलं! फरशीवर लाल थेंब दिसले तशा सासूबाई म्हणाल्या, "चार दिवस बाजूला ठेवा, पाचव्या दिवशी आंघोळ घाला, झालं."

हा हिशोब आपला झाला, तिचा उलटा असतो. पहिले सात ते दहा दिवस रक्त जातं, तेव्हा ती नराला जवळसुद्धा येऊ देत नाही. मग स्राव फिका पडतो आणि आपण म्हणतो, सुटलो. खरी जोखीम तिथून सुरू होते. ती शेपटी बाजूला धरते, दाराशी घुटमळते, गर्भ राहतो तो याच दिवसांत. एकूण तीन आठवडे धरा, कधी चारही लागतात.

आमच्या फाटकाबाहेर चार-पाच कुत्रे रात्रंदिवस बसून असायचे. वास त्यांना लांबून लागतो. कापूर लावा, बाम चोळा, असं सांगणाऱ्या बऱ्याच भेटल्या. त्यावर विसंबू नका. चड्डी घातली तर फरशी स्वच्छ राहते, एवढंच. परसात मोकळं सोडायचं नाही, फिरवताना पट्टा हातात हवा, गच्चीचं दार बंद. घरात तिचा सख्खा भाऊ असेल तर त्यालाही वेगळं ठेवा, त्यांना नातं कळत नाही. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे सकाळी अभिषेकाला निघायची घाई, कारण तेव्हा दार हमखास उघडं राहतं. आम्ही पाळ्या लावल्या. एकजण घरी, बाकीचे मंदिरात.

आणि जोडी अडकलीच तर काठी मारू नका, ओढू नका. दोघांनाही गंभीर इजा होते. अर्ध्या तासाच्या आत बहुधा ती आपोआप सुटतात. मग त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पण त्यानंतरचे रस्ते आपल्या मनाला झेपणारे नाहीत. एक तर गर्भ पाडायचा, नाहीतर साधारण त्रेसष्ट दिवसांनी पाच-सहा पिल्लं. त्यांना घर कोण देणार? गेल्या वर्षी मंदिराच्या पायरीशी कुणीतरी पोत्यात चार पिल्लं ठेवून गेलं होतं. दोन जगली.

म्हणून ऑपरेशनचा विषय निघाला आणि घरात दोन तट पडले. नणंद म्हणाली, "वहिनी, अहिंसाणुव्रताच्या अतिचारात छेद येतो ना?" येतो. पण त्याच यादीत बंधही येतो, आणि दर सहा महिन्यांनी तीन आठवडे कोंडून ठेवणं, तेही दहा-बारा वर्षं, ते काय आहे? शास्त्र सांगायचा मला अधिकार नाही. मला एवढंच दिसलं की भूल देऊन, एकदाच, तिच्या भल्यासाठी केलेलं ऑपरेशन मी सोसू शकते, पोत्यातली पिल्लं नाही. शिवाय ऑपरेशन न झालेल्या कुत्रीला वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, तो जिवावर बेततो. माज थांबवायची इंजेक्शनंही मिळतात, पण त्यांनी हाच धोका वाढतो, म्हणून ती आम्ही नको म्हटली.

माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला डॉक्टरांनी सांगितलंय, लगेच केलं तर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. मार्गशीर्षातली तारीख घेतली आहे. नणंद अजून माझ्यावर थोडी रुसलेली आहे, पण त्या दिवशी सोनीजवळ बसायला मीच येणार, असं तिनेच कळवलंय.